सल्ला तुमचा, निर्णय आमचा

समाजसेवी संस्थांची भाषा बदलली आहे. पूर्वी त्या ‘उद्धार’ म्हणत, आता ‘लोकसहभाग’ म्हणतात. कार्यक्रम आखण्यापूर्वी वस्तीची पाहणी होते, तक्ते भरले जातात, समाजमंदिरात बैठक होते आणि अहवालात तिचे छायाचित्र छापले जाते. ज्या माणसांना शतकानुशतके कोणी काही विचारलेच नाही, त्यांना आज विचारले जात आहे. याला वाईट कसे म्हणावे? पण प्रश्न कोणी ठरवले आणि उत्तर आल्यावर निर्णय कोणाच्या हाती राहिला, हे तपासल्याखेरीज या सहभागाचे मोल ठरत नाही.

हा वाद नवा नाही. पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली आणि पुढे जी हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली, तिचे अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला होते आणि चिटणीस अमृतलाल ठक्कर. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना एक दीर्घ पत्र लिहिले. एखाद्या सेवाभावी संस्थेच्या कार्यक्रमाची इतकी कठोर आणि इतकी विधायक चिकित्सा आपल्याकडे क्वचितच झाली असेल.

त्या पत्राचा गाभा असा. सेवाकार्याच्या मुळाशी दोन दृष्टी असतात. एक म्हणते, माणूस दुःखी आहे कारण त्याच्यात काही उणे आहे. म्हणून त्याला दारू सोडायला लावा, वाचनालय द्या, सद्गुण शिकवा. दुसरी म्हणते, दुःखाचे मूळ त्याच्या भोवतीच्या समाजस्थितीत आहे. आधी ती बदला. बाबासाहेबांनी दुसरी दृष्टी निवडली आणि तिच्यातून कार्यक्रम मांडला. पाणवठा, शाळा, चावडी, वाहने येथे नागरी हक्क मिळवून देणे. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यासारखी बंद दारे उघडून समान संधी देणे. समाजात परस्पर व्यवहार वाढवणे. शेवटी त्यांनी कळीचा मुद्दा घातला: हे काम करणारी माणसे मुख्यतः अस्पृश्यांतूनच यावीत. ज्याचे दुःख, त्याच्याइतकी तळमळ पगारी उपकारकर्त्याला कुठून येणार?

या पत्राची साधी पोचही आली नाही, असे बाबासाहेबांनी आपल्या १९४५ च्या ग्रंथात नोंदवले आहे. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान मिळावे, अशी मागणी घेऊन शिष्टमंडळ गांधीजींकडे गेले, तेव्हा मिळालेले उत्तरही तेथेच आहे. संघ हे हिंदूंच्या प्रायश्चित्ताचे साधन आहे, तेव्हा तो हिंदूंनीच चालवावा. हरिजनांनी वाटल्यास सल्लागार मंडळे नेमावीत.

सल्लागार मंडळ! आजच्या ‘लोकसहभागा’चा आजोबा तो हाच. या भूमिकेमागे एक तर्क आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ऋण ज्याच्या डोक्यावर, त्यानेच ते फेडावे. पण ऋण किती आणि ते कोणत्या नाण्यात फेडायचे, हे धनकोला विचारायचे नाही काय? त्याला फक्त सल्ला देऊ द्यायचा आणि तिजोरीची किल्ली ऋणकोच्याच कनवटीला ठेवायची, तर त्याला प्रायश्चित्त म्हणता येणार नाही. तो जुन्याच मालकीचा नवा पोशाख होय.

आता आपल्या अंबरनाथकडे पाहू. आयुध निर्माणी, आता बंद पडलेला विम्को काडेपेटी कारखाना आणि रसायनांची औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने येथे श्रमिकांच्या वस्त्या वाढल्या. शिलाहारकालीन शिवमंदिराच्या पायथ्याची वालधुनी कारखान्यांचे सांडपाणी वाहून थकली. याच नदीत २०१४ च्या नोव्हेंबरात बेकायदा रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरात शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा परिसरातील वस्तीत आरोग्याची पाहणी करणारा तक्ता काय विचारतो? माझे विद्यार्थी असे तक्ते भरायला जातात, म्हणून ते माझ्या पाहण्यात येतात. जेवणापूर्वी हात धुता का? पाणी उकळता का? घरात कोणाला व्यसन आहे? पाण्यात काय येते, ते कोण सोडते, तक्रार केली तर कोण ऐकते, हे प्रश्न त्यात नसतात. बाबासाहेबांनी नाकारलेली पहिली दृष्टी अशी तक्त्यात छापून आलेली असते. वस्तीतील बाई खरे तेच उत्तर देते, पण प्रश्नच असा असतो की त्या खऱ्या उत्तरातून तिचाच दोष सिद्ध व्हावा.

यामागे पैशाचे गणितही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना १ कोटी व त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. गरजेच्या अभ्यासापुढे मात्र नियमात शब्द आहे ‘असल्यास’. औषध लागू पडले का, हे पाहण्याची सक्ती आहे. रोग्याला काय होते हे विचारणे ऐच्छिक!

याहून वेगळे घडू शकते, हे पुण्याने दाखवले. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या साक्षरतेच्या कामातून कचरावेचक स्त्रियांपर्यंत पोहोचल्या. या स्त्रिया बहुतांश दलित. कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर उकिरड्यांवर फिरल्या, तेव्हा ध्यानात आले की अडचण अक्षरांच्या आधीची आहे. कचरा घरातच वेगळा होऊन हाती आला, तर मिळकत वाढते, तास वाचतात, मुले शाळेत जाऊ शकतात. कार्यक्रमच बदलला. १९९३ साली अधिवेशन भरले आणि बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. पुढे २००१ च्या अभ्यासाने दाखवले की या स्त्रियांच्या श्रमामुळे महापालिकेचा कचरा वाहण्याचा खर्च वाचतो. येथे संशोधन वस्तीच्या दोषांची यादी झाले नाही. ते वस्तीने नगरपालांपुढे ठेवलेले बिल झाले. ओळखपत्र, आरोग्य विमा आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेचा करार, हे त्या वाटेवरचे टप्पे. संघर्ष संपलेला नाही. कराराच्या प्रत्येक नूतनीकरणाला तो पुन्हा करावा लागतो. पण भांडायला त्या स्वतः बसतात.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. आपली मंडळे, आपल्या शिक्षणसंस्था, आपल्या जयंती समित्या वस्तीतील स्त्रियांना विचारून खर्च ठरवतात काय? सल्ला त्यांचा आणि निर्णय आमचा, ही रीत आपल्या अंगणातही आहे. तिला केवळ सवर्ण मानसिकता म्हणून मोकळे होता येणार नाही.

म्हणून वस्तीत येणाऱ्या प्रत्येक पाहणीला चार प्रश्न विचारावेत. तक्ता करताना आमच्यातले कोण होते? निष्कर्ष आमच्या भाषेत, आमच्यासमोर वाचले जाणार का? आमच्या उत्तराने अंदाजपत्रकातील एक तरी ओळ बदलेल का? आणि या कामाचे वेतन आमच्यातल्या किती जणांना मिळेल? चारही उत्तरे नकारार्थी असतील, तर तक्ता कोराच परत करावा. शिक्षक-विद्यार्थ्यांवर याहून मोठी जबाबदारी आहे. दुसऱ्यांचे तक्ते भरणारे हात आपले आहेत. आपला तक्ता लिहिणारे हातही आपलेच असले पाहिजेत. अंबरनाथमध्ये त्याचा पहिला प्रश्न वालधुनीच्या पाण्याविषयीचा असावा, आणि त्याचे उत्तर कारखानदार व नगरपालिका यांच्याकडून मागावे.