नकाराचा रकाना

रहस्यकथा आणि गोपनीयता यांचे मुळातच वाकडे आहे. झाकलेले उघडल्याशिवाय रहस्यकथा पुरी होत नाही, आणि काही गोष्टी झाकलेल्याच राहाव्यात हा गोपनीयतेचा आग्रह असतो. म्हणून रुग्णांच्या गोपनीयतेविषयी खोलवर काही सांगणारी कादंबरी रहस्यकथा असावी, याचे मला कुतूहल वाटत आले आहे. आइसलंडचे लेखक आर्नाल्दुर इंद्रिदासोन यांची ‘मीरिन’ ही ती कादंबरी. ती 2000 साली प्रसिद्ध झाली आणि 2002 मध्ये तिला नॉर्डिक देशांतील रहस्यकथांसाठीचा ‘ग्लास की’ पुरस्कार मिळाला. बर्नार्ड स्कडर यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले असून ते ‘जार सिटी’ या नावाने ओळखले जाते. ही कादंबरी मला तिच्याच काळातील एका कायद्याशेजारी ठेवून वाचायची आहे.

तो कायदा डिसेंबर 1998 मधला. आइसलंडची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास होती. साऱ्या देशाच्या वैद्यकीय नोंदी एका मध्यवर्ती संग्रहात आणाव्यात आणि तो चालवण्याचा परवाना एका खाजगी कंपनीला द्यावा, असा कायदा तिथल्या संसदेने 37 विरुद्ध 20 मतांनी संमत केला. जानेवारी 2000 मध्ये परवाना मिळाला तो कारी स्टेफान्सोन यांच्या ‘डीकोड’ या कंपनीला. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची आठवण व्हावी अशा, पण जवळजवळ संपूर्ण राष्ट्राच्या वंशावळीही या कंपनीने संगणकावर आणल्या. त्या संग्रहाला तिने ‘इस्लेंडिंगाबोक’ हे आरी थोर्गिल्सोन याच्या बाराव्या शतकातील ग्रंथाचे नाव दिले.

या कायद्याचा कणा होता ‘गृहीत संमती’. ज्याला आपल्या नोंदी द्यायच्या नसतील त्याने अर्ज भरून तसे कळवायचे. जो काही कळवणार नाही त्याचा होकार समजायचा. सुमारे 20,000 लोकांनी नकार कळवला. उरलेल्यांपैकी कितीजणांनी विचार करून होकार दिला, कितीजणांना अर्जाचा कंटाळा आला आणि कितीजणांपर्यंत विषयच पोचला नाही, हे त्यांच्या मौनावरून कसे ओळखणार?

आता कादंबरी. रेक्याविकमध्ये होल्बेर्ग नावाच्या म्हाताऱ्याचा खून होतो. तपास करताना एरलेंदुर हा पोलीस अधिकारी 1968 मध्ये चार वर्षांची असताना वारलेल्या औदुर या मुलीपर्यंत पोचतो. होल्बेर्गने केलेल्या बलात्कारातून ती जन्मली होती आणि त्याच्याकडून आलेल्या आनुवंशिक आजाराने गेली. पुढे कळते की खुनी एयनार हाही होल्बेर्गचाच मुलगा आहे. तो जनुकीय संशोधनाच्या एका काल्पनिक संस्थेत काम करतो. स्वतःची लहान मुलगी त्याच आजाराने गेल्यावर, हा आजार आपल्या घरात आला कुठून, या प्रश्नाने तो पछाडतो. संग्रहाची सांकेतिक कुलपे ओलांडून तो नोंदी आणि वंशावळी ताडून पाहतो आणि आपला खरा बाप शोधून काढतो. ते करताना त्याची आई कात्रीन हिने आयुष्यभर पोटात ठेवलेले बलात्काराचे दुःखही त्याच्या हाती लागते.

कादंबरीचे खरे बळ मला या कात्रीनमध्ये दिसते. तिने कुठल्या अर्जावर सही केली होती की नाही, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. तिने स्वतःची प्रत्येक नोंद रोखून धरली असती, तरी मुलाच्या रक्तातून, नातीच्या आजारातून आणि एका अनोळखी मुलीच्या मृत्यूच्या कागदांतून तिचे गुपित जुळवता आले असते. अर्जावरचा नकाराचा रकाना एकट्या माणसासाठी आखलेला असतो, आणि आजार मात्र घराण्याचा असतो.

हीच गोष्ट पुढे न्यायालयासमोर आली. आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी संग्रहात जाऊ नयेत, असा अर्ज एका मुलीने केला होता. तो फेटाळला गेला. 27 नोव्हेंबर 2003 रोजी आइसलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. वडिलांची प्रतिनिधी म्हणून तिला हा हक्क नाही. मात्र त्यांच्या नोंदींवरून तिच्याविषयी अनुमान काढता येते, म्हणून तिचा स्वतःचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. नाव काढून टाकले तरी वय, गाव, वैवाहिक स्थिती, शिक्षण आणि विशिष्ट आजार यांच्या जुळणीतून माणूस ओळखू येऊ शकतो, याकडेही निकालाने लक्ष वेधले. तो राष्ट्रीय संग्रह अखेर उभा राहिलाच नाही. कादंबरीने तीन वर्षे आधी कात्रीनच्या रूपाने हेच दाखवले होते.

तरीही या कादंबरीबाबत माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की इथे गोपनीयता भंग पावते ती एका दुःखाने वेड्या झालेल्या कर्मचाऱ्यामुळे. कुणीतरी कुलूप तोडले, म्हणून अनर्थ झाला. ‘गृहीत संमती’च्या व्यवस्थेत कुलूप तोडावेच लागत नाही, किल्ली कायद्यानेच दिलेली असते. रहस्यकथेला गुन्हेगार लागतो, आणि तो सापडला की व्यवस्था नजरेआड होते.

दुसरा आक्षेप वाचक म्हणून मलाही लागू होतो. औदुरची कबर उकरायला तिच्या मावशीचा विरोध असतो, आणि मी पान उलटताना ती उकरलीच जावी अशी इच्छा करत असतो. कात्रीनने बोलावे म्हणून मी अधीर होतो. एरलेंदुर कनवाळू आहे, त्याचा हेतू चांगला आहे, म्हणून त्याने दार ढकलले तर मला चालते. ‘हे संशोधनाच्या भल्यासाठी आहे’ असे म्हणणारे शासनही आपल्याकडून हीच मुभा मागत असते. आर्नाल्दुर यांनी ही अधीरता अचूक वापरली आहे, पण तिच्याकडे बोट दाखवलेले नाही.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. ‘आभा’ क्रमांकाला जोडलेल्या नोंदी दुसरीकडे देण्यासाठी रुग्णाची संमती घेण्याची रचना आहे; मौनाला तिथे होकार मानलेले नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी नॉमिनी नेमण्याचीही तरतूद केली. बँकेच्या खात्यासारखीच ही सोय, आणि ती चांगलीच आहे. पण नॉमिनी गेलेल्या माणसाच्या वतीने बोलतो. त्या आइसलंडच्या मुलीला न्यायालयाने जे दिले ते निराळे होते. वडिलांच्या कागदात तिचाही भाग आहे, हे त्याने मान्य केले होते. कात्रीनसाठी असा रकाना अजून कुठल्याच अर्जावर माझ्या पाहण्यात आलेला नाही.