साखळीचा ताण आणि सपाट आराखडा

मोटरसायकलचं मागचं चाक खड्ड्यात वर-खाली होतं तेव्हा साखळीचा ताणही बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल, या तिघांचे मध्यबिंदू एका रेषेत आले की साखळी सर्वांत जास्त ताणलेली असते. सैलपणा किती ठेवायचा, पिव्हट कुठे घ्यायचा, साखळी स्विंगआर्मला घासेल का, ही सगळी उत्तरं बाजूच्या एकाच दृश्यात मिळतात. त्याला दोन वर्तुळं, एक बिंदू आणि त्या बिंदूभोवती फिरणारी एक रेषा पुरते. हा आराखडा आज डिझाइनच्या बैठकीत क्वचितच दिसतो. दिसतं ते पडद्यावर फिरणारं, चकाकणारं त्रिमित मॉडेल, आणि त्याच्या देखणेपणामुळे पिव्हटबद्दल कुणी विचारतच नाही.

सपाट आणि घन यांची फारकत कॅडच्या जन्मापासून नव्हती. १९६३ साली एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ केलं. या दोन रेषा समांतर राहू देत, त्या दोन सारख्या लांबीच्या राहू देत, अशी बंधनं त्यात घालता येत. त्याच वर्षी टिमोथी जॉन्सन यांच्या ‘स्केचपॅड-३’मध्ये पडद्याचे चार भाग झाले: तीन बाजूंची दृश्यं आणि एक यथादर्शन. पुढे १९८२च्या ऑटोकॅडने ड्रॉइंग बोर्ड संगणकात आणला, तर १९८८च्या प्रो-इंजिनिअरने क्रमच उलटा केला. आधी मॉडेल, मग त्यातून ड्रॉइंग.

त्याचा फायदा मी अजिबात कमी लेखणार नाही. बोर्डावर एक माप बदललं आणि दुसऱ्या दृश्यातलं तसंच राहिलं, की तयार जॉब स्क्रॅपमध्ये जायचा. आता माप एका ठिकाणी बदलतं आणि सगळी दृश्यं त्यामागे येतात. पण या सोयीत लेआउट आणि ड्रॉइंग यांतला फरक पुसला गेला. ड्रॉइंग वर्कशॉपला सांगतं, की भाग असा करा. लेआउट त्याच्या कितीतरी आधी येतो. कोणता भाग कुठे बसेल, कशाला किती जागा मिळेल, काय हलेल, हे त्यावर ठरतं. जुन्या ड्रॉइंग ऑफिसात लेआउटची शीट आधी पक्की व्हायची आणि एकेका भागाचं डिटेलिंग तिच्यातून निघायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांना ही उणीव कळलेली आहे. २०११च्या क्रिओसोबत ‘लेआउट’ नावाचं स्वतंत्र साधन आलं. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटरमध्ये स्केचचे ब्लॉक करून ते यंत्रासारखे ओढून पाहता येतात. स्केलेटन मॉडेलची पद्धत तर त्याआधीपासूनची. साधनं उत्तम आहेत. वापर मात्र मला खटकतो. अनेक स्केलेटनमध्ये फिलेटच्या त्रिज्येपासून बोल्टच्या भोकापर्यंत सगळं कोंबलेलं असतं. मग एक माप हललं की खालचे वीस भाग लाल होतात, आणि वैतागलेला इंजिनिअर सगळे संदर्भ तोडून मोकळा होतो. माझा निकष सोपा आहे: जे माप एकाहून अधिक भागांना बांधतं तेच लेआउटमध्ये यावं. पिव्हटची जागा यावी, स्विंगआर्मच्या पत्र्याची जाडी येऊ नये.

शेवटच्या ड्रॉइंगचीही अवस्था फार बरी नाही. आपोआप उमटलेली मापं मॉडेल ज्या क्रमाने बांधलं त्या क्रमाने येतात; भाग मशिनवर कसा पकडणार, कोणत्या डेटमवरून मोजणार, याच्याशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. मापं आणि टॉलरन्स थेट मॉडेलवरच लिहिण्यासाठी २००३ साली एएसएमईचं वाय १४.४१ हे मानक आलं. तरीही लहान वर्कशॉपमध्ये लेथशेजारी तेल लागलेला कागदच टांगलेला असतो. तो कागद कसा वाचायचा, हे आपली महाविद्यालयं पहिल्याच वर्षी शिकवतात: फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, आयसोमेट्रिक, सेक्शन. पण तयार वस्तूची दृश्यं काढणं हा तो अभ्यास. अजून नसलेल्या वस्तूत कशाला कुठे जागा द्यायची, असा प्रश्न मी त्या पेपरात कधी पाहिला नाही.

नवीन मुलं हाताखाली आली की पहिला आठवडा मी त्यांना पार्ट फाइल उघडू देत नाही. एका ए-थ्री कागदावर बाजूचं दृश्य मागतो. सस्पेन्शनच्या पूर्ण प्रवासात साखळी सर्वांत ताठ कुठे होते, तेवढी एक रेष त्यावर लाल पेन्सिलीने हवी असते.