ठोकळे, भुते आणि मारिओची उडी

व्हिडिओ गेमचा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला की बहुधा तक्रारीच्या सुरातच निघतो. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मुले एकलकोंडी होतात. या तक्रारींत तथ्य नाही असे नाही. पण ‘पुस्तक वाचणे चांगले की वाईट?’ असा प्रश्न आपण कधी विचारत नाही. कोणते पुस्तक, असे विचारतो. खेळांच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारायला हवा. कोणता खेळ? आणि तो खेळताना मुलाच्या डोक्याला नेमके काय काम मिळते?

हे तपासायला एक स्वस्त साधन आता सहज मिळते. चंद्रपूरच्या बाजारात मी तळहातावर मावणारे एक खेळयंत्र काही शे रुपयांना घेतले. त्यात १९८०-९०च्या दशकांतले खेळ भरलेले आहेत. आज चाळिशीत असलेल्यांनी यातले बरेचसे खेळ लहानपणी दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या ‘टीव्ही गेम’वर खेळलेले असतील. गेले दोन महिने मी ते पुन्हा खेळून पाहिले. कधी एकट्याने, तर कधी मूल तालुक्यातल्या एका शाळेतील सातवीच्या मुलांबरोबर. हा त्याचाच लेखाजोखा. मोजपट्टी एकच ठेवली आहे. खेळाचे नियम मुलाला स्वतः शोधून काढता येतात का, आणि शोधलेला नियम पडताळून पाहता येतो का?

डब्यावरचा आकडा

सुरुवात डब्यापासूनच करू. त्यावर ‘४०० खेळ’ असे छापलेले आहे. यादी नीट पाहिली तर एकच खेळ तीन-तीन, चार-चार नावांनी भेटतो. ही युक्ती नवी नाही. १९९०च्या दशकात मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’वर तर ‘९९९९ खेळ’ असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात मूळ खेळ मोजकेच. त्यांना वेग, पातळी आणि किरकोळ फरक यांनी गुणून आकडा फुगवलेला. दहा वेग, दहा पातळ्या आणि शंभरेक किरकोळ प्रकार धरले की गुणाकार किती होतो पाहा! जाहिरातीतला आकडा कसा तपासावा, याचा हा पहिला धडा डबा उघडण्याआधीच मिळतो. अशा स्वस्त यंत्रांतले बहुतेक खेळ मूळ कर्त्यांना न विचारता, त्यांना काही मोबदला न देता भरलेले असतात, हेही मुलांना सांगायला हरकत नाही.

त्या जुन्या ब्रिक गेमची एक बाजू मात्र कौतुकाची होती. त्याचा पडदा म्हणजे १० गुणिले २०, असे फक्त २०० चौकोन. पडद्याला स्वतःचा प्रकाश नाही. द्रवस्फटिकांचे चौकोन फक्त प्रकाश अडवतात किंवा जाऊ देतात. त्यामुळे वीज अगदी थोडी लागते आणि दोन पेन्सिल सेल खूप दिवस पुरतात. निन्तेन्दो या जपानी कंपनीतील गुनपेई योकोई यांनी हाच विचार जाणीवपूर्वक मांडला होता. जुने, स्वस्त आणि चांगले सरावाचे झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. त्यांच्या गटाने केलेला ‘गेम बॉय’ १९८९ साली आला. त्याचा पडदा रंगीत नव्हता, फक्त चार छटांचा होता. पण चार सेलवर तो पंधराएक तास चाले. पुढच्याच वर्षी आलेला सेगा कंपनीचा रंगीत, प्रकाशित पडद्याचा ‘गेम गिअर’ सहा सेल तीन ते पाच तासांत संपवी. बाजारात टिकला तो गेम बॉय. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होत असताना भारनियमनाचे तास मोजलेल्या आपल्या भागातील शिक्षकांना ही निवड वेगळी समजावून सांगायला नको.

टेट्रिस : सर्वांत सरस

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळू. माझ्या मोजपट्टीवर पहिला नंबर निःसंशय टेट्रिसचा. अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तयार केला. खेळाचे हक्क त्यांच्याकडे यायला १९९६ साल उजाडले. नियम इतके थोडे की सांगावेच लागत नाहीत. वरून ठोकळे पडतात, ते फिरवता येतात, आडवी ओळ भरली की नाहीशी होते. प्रत्येक ठोकळा चार चौकोनांचा. असे एकूण सातच आकार होतात. सातच का, आठ का नाहीत? हा प्रश्न वर्गात टाकून पाहा. आरसा धरल्यावर वेगळे दिसणारे आकार वेगळे मोजायचे की एकच, यावर मुलांत चांगला वाद होतो. (एकच मोजले तर पाच उरतात.)

खेळयंत्र नसले तरी पुढचा प्रयोग जमेल. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून सातही आकार कापून घ्या. एकूण चौकोन झाले २८. म्हणजे ४ गुणिले ७ चा आयत व्हायला हवा. मुलांना तो जुळवायला सांगा.

आमच्या मुलांनी पाऊण तास खटपट केली. दर वेळी एखादा तुकडा बाहेर राही. अखेर इंग्रजी टी-सारखा तुकडा हातात धरून एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, हाच तुकडा गडबड करते जी.’’

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन आखून पाहा. ४ गुणिले ७ च्या आयतात १४ काळे आणि १४ पांढरे चौकोन येतात. टी सोडून बाकी सहा तुकडे कसेही ठेवले तरी दोन काळे आणि दोन पांढरे चौकोन झाकतात. टी मात्र एका रंगाचे तीन आणि दुसऱ्या रंगाचा एक. म्हणजे सात तुकडे मिळून १५ आणि १३ झाकणार. १४-१४ कधीच नाही. हा आयत जुळणे अशक्य आहे! पाऊण तासाच्या अपयशाने जे सिद्ध झाले नव्हते, ते दोन मिनिटांच्या विचाराने झाले. ‘जमले नाही’ आणि ‘जमणे शक्यच नाही’ यांतला फरक सातवीच्या मुलांना इतक्या सहज दाखवणारे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. पुढे जायचे असेल तर तुकड्यांचे दोन संच द्या. मग रंगांची अडचण उरत नाही. पण अडचण उरली नाही म्हणजे आयत जमेलच का?

हा खेळ वरवर सोपा असला तरी गणितज्ञांनाही पुरून उरला आहे. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या तीन संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कोणते ठोकळे कोणत्या क्रमाने येणार हे आधीच माहीत असले तरी मोठ्या पटावर ते उत्तम कसे रचावेत हे ठरवणे संगणकशास्त्रातील अत्यंत अवघड प्रश्नांच्या गटात मोडते. तसेच डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने या खेळाची निन्तेन्दो आवृत्ती इतकी पुढे नेली की शेवटी यंत्रच अडकले. जवळजवळ पस्तीस वर्षे त्या आवृत्तीत असे कोणत्याही माणसाच्या हातून झाले नव्हते.

पॅक-मॅन : भुतांचा अभ्यास

दुसरा नंबर पॅक-मॅनचा. तोरू इवातानी यांचा हा खेळ १९८० सालचा. चक्रव्यूहातले ठिपके खायचे आणि चार भुतांना चुकवायचे. मुलांना प्रथम वाटते की भुते सैरावैरा धावतात. तसे नाही. लाल भूत तुम्ही ज्या घरात आहात तिकडेच येते. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोरच्या चौथ्या घराकडे निघते, म्हणून ते वाट अडवल्यासारखे वाटते. नारिंगी भूत आठ घरांहून दूर असेल तर पाठलाग करते, जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. मूळ यंत्रावर तुम्ही दर वेळी अगदी त्याच मार्गाने गेलात तर भुतेही त्याच मार्गाने जातात.

म्हणजे येथे निरीक्षण, अंदाज आणि पडताळणी या तिन्ही गोष्टींना जागा आहे. आमच्या शाळेत आम्ही चौघांचे गट केले. एकाने खेळायचे, एकाने फक्त एकाच भुताकडे पाहायचे, एकाने टिपण ठेवायचे आणि चौथ्याने भूत पुढे कोठे वळेल ते आधी सांगायचे. तिसऱ्या दिवशी लाल आणि गुलाबी भुतांचा फरक मुलांनीच सांगितला. निळ्या भुताचा नियम मी येथे मुद्दाम देत नाही. तो जरा अवघड आहे, पण सापडतो.

मारिओ : चुकीचे भौतिकशास्त्र, चांगला प्रश्न

१९८५ सालचा सुपर मारिओ ब्रदर्स हा खेळ फक्त ४० किलोबाइटमध्ये मावतो. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा घेतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांना एकच चित्र वापरले आहे, फक्त रंग बदलून. मुलांना हे दाखवले की ती मारिओ सोडून ढगांकडेच पाहू लागतात.

पण शिक्षकाच्या दृष्टीने खरी गंमत त्याच्या उडीत आहे. मोबाइलवर उडीचे चित्रीकरण करा आणि चौकटी मोजा. बटण दाबून ठेवले तर मारिओला वर जायला सुमारे अर्धा सेकंद लागतो, खाली यायला सुमारे एक तृतीयांश सेकंद. आता चेंडू सरळ वर फेका. हवेचा विरोध सोडून दिला तर वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेळ सारखाच असतो. विरोध धरला तर खाली यायला उलट थोडा जास्तच वेळ लागतो. मोठा झालेला मारिओ दीड मीटर उंच धरला तर त्याची उडी तीन मीटरची होते. पृथ्वीवर तीन मीटर खाली पडायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मग मारिओच्या जगात गुरुत्वाकर्षण किती? वर जाताना एक आणि खाली येताना दुसरे, असे असू शकते का? शिवाय तो हवेत असतानाच मागे वळतो, कशाला रेटून? खेळ चुकीचे भौतिकशास्त्र शिकवतो अशी तक्रार करण्यापेक्षा ती चूक मोजायला लावणे अधिक उपयोगाचे. खेळ म्हणून मारिओ सुंदर आहे, पण माझ्या मोजपट्टीवर तो टेट्रिसच्या खाली बसतो. त्यातले बरेचसे यश पाठांतराचे आहे.

काँट्रा : पाठांतर आणि बंदूक

पाठांतराचा दोष काँट्रामध्ये (१९८७) पराकोटीला जातो. शत्रू कोठून येतो हे लक्षात ठेवायचे आणि गोळ्या झाडायच्या. शोधण्यासारखा नियम जवळजवळ नाहीच. दुसरी गोष्ट अशी की या खेळाचा पहिला टप्पा जंगलातला आहे. बंदूक घेऊन झाडीतून धावणारे सैनिक. इतरत्र हे निव्वळ चित्र असेल. गडचिरोलीने १९८०च्या दशकापासून नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातल्या संघर्षात माणसे गमावली आहेत. तेथील वर्गात हा खेळ मी काढणार नाही. बंदी घालावी असे मी म्हणत नाही. पण निवड करताना आपण कोठे उभे आहोत हे शिक्षकाने विसरू नये.

नियमांची शाश्वती, आणि तिची मर्यादा

जुन्या खेळांचे कौतुक केवळ आठवणींपोटी नाही. या खेळांचे नियम तुमच्या पाठीमागे बदलत नाहीत. हरलात तर कारण शोधता येते. आज मोबाइलवरचे कित्येक फुकट खेळ नेमके उलट वागतात. खेळणारा कंटाळू नये, जाहिरात पाहावी, पैसे भरावेत म्हणून अडचण कमी-जास्त केली जाते, बक्षिसे अधूनमधून टाकली जातात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला बंदीचा कायदा करावा लागला. ‘शैक्षणिक’ म्हणून दिले जाणारे पुष्कळ खेळही प्रश्नोत्तराला नाणी चिकटवण्यापलीकडे जात नाहीत. त्यात उत्तर बरोबर की चूक एवढेच कळते, का ते कळत नाही.

तरीही एक सावधगिरी हवी. पॅक-मॅनचे भूत माणसाने केलेल्या नियमाने चालते आणि तो नियम कधी मोडत नाही. ताडोबाच्या आसपासच्या गावांतली मुले वानराचा किंवा चितळाचा इशारा ऐकून वाघ जवळ असल्याचा अंदाज करतात. तोही निरीक्षणातून काढलेला नियमच आहे. पण इशारा बिबट्यासाठीही असू शकतो, कधी नुसत्या भीतीनेही असू शकतो, आणि कधी वाघ असूनही जंगल गप्प असते. मोहफुले वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईला हा अंदाज शंभरदा चुकवून पाहता येत नाही. खेळात चूक स्वस्त असते, म्हणून तेथे पद्धत शिकावी. निसर्गाबद्दलचे ज्ञान मात्र निसर्गाकडूनच घ्यावे लागते. हे दोन्ही मुलांना एकत्र सांगता आले तर खेळयंत्राला वर्गात जागा आहे.

त्यासाठी आठवड्याला एक तास आणि चौघांत एक यंत्र पुरे. तेही नसेल तर पुठ्ठा आणि कात्री आहेच. चारांऐवजी पाच चौकोनांचे तुकडे घेऊन सुरुवात करा. आरशातले आकार एकच मोजले तर ते किती होतात, आणि त्या सर्वांचा मिळून आयत होतो का, ते मुलांनाच शोधू द्या.