कंपोनंट मांडून ठेवला म्हणजे डॉक्युमेंटेशन झालं का?

संशोधनाच्या तयारीत पेपर कसा वाचायचा हे सगळेच सांगतात. पण सॉफ्टवेअरचं एखादं साधन कसं वाचायचं? आज स्टोरीबुकच्या निमित्ताने ते बघू.

आधी थोडी ओळख. वेबसाइट बनवणारी टीम बटण, तारखेची चौकट, ड्रॉपडाऊन या गोष्टी दर पानासाठी नव्याने लिहीत बसत नाही. एकदा बनवायच्या आणि सगळीकडे वापरायच्या. अशा तुकड्याला कंपोनंट म्हणतात. कंपोनंट वाढत गेले की नव्या माणसाला काय तयार आहे आणि काय नाही, तेच कळेनासं होतं. २०१६ मध्ये आलेलं स्टोरीबुक यासाठीच आहे. त्यात प्रत्येक कंपोनंट मूळ ॲपपासून वेगळा काढून बघता येतो. त्याच्या एकेका अवस्थेला ‘स्टोरी’ म्हणतात. साधं बटण ही एक स्टोरी, बंद असलेलं बटण ही दुसरी.

कल्पना चांगलीच आहे. माझा आक्षेप आहे तो त्यात बहुतेक वेळा काय मांडलं जातं, यावर. बटणावर ‘सबमिट’ लिहिलेलं असतं. ड्रॉपडाऊनमध्ये ‘पर्याय १, पर्याय २, पर्याय ३’. सगळं कसं नीट बसतं! प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर नमुना आपणच निवडला, तोही सोयीचा, आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांसाठी काढला.

आता तेच ड्रॉपडाऊन मावळात आणून बघा. महाभूलेखवर सातबारा बघायचा तर जिल्हा, तालुका, गाव असं क्रमाने निवडावं लागतं. हीच तीन ड्रॉपडाऊनची साखळी कितीतरी फॉर्मवर लागते, म्हणजे पुन्हा वापरायच्या कंपोनंटचं हे अगदी नेमकं उदाहरण. लोणावळ्याचा माणूस तालुक्यात ‘लोणावळा’ शोधेल, तर ते तिथे नसणार. तालुका मावळ, आणि त्याचं मुख्यालय वडगावला. ‘खंडाळा’ हा तालुका आहे, पण तो सातारा जिल्ह्यातला. घाटातला खंडाळा मावळातच येतो. म्हणजे ‘वापरणाऱ्याला प्रशासकीय विभागणी माहीत आहे’ हे या कंपोनंटने गृहीत धरलंय. ते गृहीतक ‘पर्याय १’ लिहून कधीच उघडं पडत नाही.

पुढे गावाची यादी. मावळात आढले बुद्रुक आहे आणि आढले खुर्दही आहे. चौकट अरुंद असेल आणि मजकूर शेवटी कापला गेला, तर दोन्ही ठिकाणी नुसतं ‘आढले…’ दिसेल. चुकीचं गाव निवडलं की जमिनीचा उताराही चुकीच्या गावात शोधला जाणार. उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवली असेल तर ‘बुद्रुक’मधले खालचे उकार कापले जाऊ शकतात.

मजकूर मोजण्यातही गोम आहे. ‘लोणावळा’ आपल्याला चार अक्षरं वाटतात, पण युनिकोडमध्ये ते सात संकेत आहेत. ‘जास्तीत जास्त इतकी अक्षरं’ अशी मर्यादा ब्राउझर या संकेतांवर मोजतो. ‘बोऱ्हाडे’ या आडनावातला ऱ्ह दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. शोधचौकटीने ते एकसारखे करून घेतले नाहीत, तर नाव यादीत असूनही सापडत नाही. आणि ‘लोणावळा’तला ल किंवा ‘शिळाटणे’तला श मराठी वळणाचा हवा असेल, तर फॉन्टमध्ये ते रूप असायला हवं आणि पानाने भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगायलाही हवं. कंपोनंटच्या किती डॉक्युमेंटेशनमध्ये हे तपासलेलं दिसतं?

तुम्ही म्हणाल, सगळ्याच शक्यता कशा मांडणार? रास्त आहे. हजार स्टोरी लिहिल्या तर त्या वाचणार कोण? पण सगळं मांडा असं मी म्हणतच नाहीये. कंपोनंट कुठे चालत नाही, तेवढं लिहा.

हे जमतं, याचा पुरावा आहे. ब्रिटिश सरकारची गव्ह-यूके डिझाइन सिस्टिम २०१८ पासून खुली आहे. त्यात कंपोनंटच्या पानावर तो कधी वापरावा यासोबत कधी वापरू नये हेही येतं. ड्रॉपडाऊनबद्दल तर ते सांगतात की, लोकांसाठीच्या सेवेत हा अगदी शेवटचा पर्याय समजा, कारण काही लोकांना तो फार अवघड जातो असं संशोधनात दिसलंय. स्वतःच बनवलेल्या वस्तूबद्दल हे लिहायला धाडस लागतं. माझ्या मते चांगल्या डॉक्युमेंटेशनची खूण हीच. आपल्याकडे राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स विभागाचं यूएक्सफोरजी आहे. मराठीत सेवा देणाऱ्या टीमने त्यातला किंवा कुठलाही तयार कंपोनंट उचलताना हीच अपेक्षा ठेवावी.

स्टोरीबुकला दोष द्यायचा का? अर्धाच. अवघड मजकुराची स्टोरी लिहायला ते अडवत नाही. पण ते आग्रहही धरत नाही, आणि देखणं पान तयार झालं की काम संपल्यासारखं वाटतं. कंपोनंट मांडल्याने ‘हे आहे’ इतकंच कळतं. त्याची नोंद म्हणजे ‘हे अमुक परिस्थितीत चालतं, तमुक परिस्थितीत नाही’ असं तपासून केलेलं विधान.

तुमच्यासाठी एक छोटा अभ्यास. कुठलाही खुला कंपोनंट घ्या आणि त्याला पाच गोष्टी द्या: रिकामी चौकट, आढले बुद्रुक, बोऱ्हाडे दोन्ही प्रकारे टाइप करून, दोनशे गावांची यादी आणि लहान स्क्रीनचा मोबाइल. काय होईल याचा अंदाज आधी लिहून ठेवा, मग बघा. अंदाज आणि निरीक्षण यांच्यात जिथे फरक पडेल, तिथे तुमचा संशोधनप्रश्न असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. प्रबंधाची रूपरेषा लिहायला बसाल तेव्हा ही दोन पानं हाताशी असू द्या.