दुभाजक कोठे थांबावा?

संगणकाच्या पडद्यावर एकाच खिडकीत पुष्कळदा दोन कप्पे असतात. डावीकडे फोल्डरांची यादी, उजवीकडे त्यांतील मजकूर. मधली उभी रेघ माऊसने धरून ओढली की एक कप्पा रुंदावतो आणि दुसरा आक्रसतो. या रेघेला आपण दुभाजक म्हणू. तो किती सरकू द्यावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. ४० मुलांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला मात्र तो तसा वाटत नाही. मुलाने रेघ पार कडेपर्यंत ओढली आणि यादीच दिसेनाशी झाली, की ‘आपण काहीतरी बिघडवले’ असे त्याला वाटते. फाइली जागच्या जागी असतात, पण पडदा त्याला तसे सांगत नाही. पुढच्या तासाला ते मूल माऊसला हात लावायला कचरते.

प्रोग्रामर मंडळी हे कप्पे दरवेळी नव्याने घडवत नाहीत. ती तयार साचे घेतात, आणि साच्यात जे ठरलेले असते ते बहुधा तसेच राहते. ‘क्यूटी’ या साच्यात मुद्दाम मनाई केली नाही, तर कप्पा ओढत ओढत शून्यावर नेता येतो, मग त्याची किमान रुंदी ठरवून दिलेली असो वा नसो. ‘विंडोज फॉर्म्स’मध्ये ही किमान रुंदी मुळात २५ पिक्सेल धरलेली आहे. कप्पा नाहीसा होत नाही खरा, पण २५ पिक्सेलांत नेहमीच्या आकाराची जेमतेम दोन-तीन अक्षरे बसतात. ही मर्यादा नावापुरतीच! जावाच्या ‘स्विंग’मधला दुभाजक आतल्या घटकांची किमान रुंदी पाळतो, ही रीत आम्हाला अधिक पसंत आहे. तिलाही खोट आहेच. दोन्ही कप्प्यांच्या किमान रुंदींची बेरीज खिडकीहून जास्त झाली, तर दुभाजक जागचा हलत नाही आणि वापरणारा माऊसला दोष देतो.

आमची खरी तक्रार मात्र निराळी आहे. किमान रुंदीचा आकडा ठरवताना प्रोग्रामरने कोणता मजकूर डोळ्यांसमोर ठेवला होता?

२०२३ साली औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. समजा, एखाद्या कार्यालयाने जिल्ह्याच्या ९ तालुक्यांसाठी ‘औरंगाबाद – पैठण’, ‘औरंगाबाद – कन्नड’ अशा नावांचे फोल्डर केले होते, आणि त्यांत आता जिल्ह्याचे नवे नाव घातले. ज्या रुंदीत जुनी नावे पुरी वाचता येत होती, तेवढ्याच रुंदीत आता ‘छत्रपती संभाजी…’ असे ९ वेळा दिसेल. यातले पैठण कोणते आणि सोयगाव कोणते? (तालुका आधी लिहा, असे कोणी सुचवील. जरूर लिहावा, पण पडद्याच्या सोयीसाठी माणसाने आपली लिहिण्याची रीत बदलायची, हे काही आम्हाला पटत नाही.)

म्हणजे मर्यादा हवीच, पण ती कार्यक्रम चालू असताना समोरच्या मजकुरावरून आणि अक्षरांच्या आकारावरून मोजलेली हवी. तिला वरूनही बंधन लागते. १०२४ पिक्सेल रुंदीच्या प्रोजेक्टरवर डाव्या कप्प्याने ३०० आणि उजव्याने ४०० अडवले, तर मधल्या आकृतीला ३२४ उरतात. तेवढ्यात भूमितीचे प्रमेय कसे दाखवणार? अशा वेळी लांब नाव दोन ओळींत मोडावे. कप्पा अजिबात नको असेल, तर तो मिटण्यासाठी वेगळे बटण द्यावे. बटण पडद्यावर राहते, त्यामुळे परतीची वाट दिसते. ओढून घालवलेल्या कप्प्याची वाट कडेच्या दोन-तीन पिक्सेलांत शोधावी लागते. आडव्या दुभाजकाच्या बाबतीत उंचीही तपासावी. ओळ रोमन अक्षरांच्या बेताने कापली, तर खालचा उकार जातो आणि ‘पुरे’चे ‘परे’ होते.

शाळेसाठी एखादी प्रणाली घेण्यापूर्वी शिक्षकांनी एवढे करून पाहावे: आपल्या शाळेचे ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’पासून तालुका-जिल्ह्यापर्यंतचे पूर्ण नाव एका फोल्डरला द्यावे, दुभाजक दोन्ही टोकांपर्यंत ओढावा, मग अक्षरे दीडपट मोठी करून पुन्हा ओढावा. हे विक्रेता समोर बसलेला असतानाच करावे.