पूर्वपक्षाचा लोप

कांहीं पुस्तकें प्रसिद्ध झालीं त्या वेळीं जितकीं खरीं वाटलीं त्याहून चाळीस वर्षांनीं अधिक खरीं वाटूं लागतात. आणि तशीं तीं वाटूं लागलीं म्हणजे त्यांची परीक्षा अधिक कठोरपणें करणें अवश्य होतें. ग्रंथकाराचें भाकीत खरें ठरलें एवढ्यानें त्याची कारणमीमांसाही खरी ठरत नाहीं. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक नील पोस्टमन यांचें ‘अम्यूझिंग अवरसेल्व्ज टु डेथ’ हें १९८५ सालचें पुस्तक याच जातीचें आहे. आम्हीं तें विद्यार्थिदशेंत प्रथम वाचलें, तेव्हां आमच्या गांवीं दूरदर्शनची एकच वाहिनी दिसत असे. त्यामुळें ग्रंथकारांचा त्रागा आम्हांस कांहींसा अतिशयोक्त वाटला होता. हल्लीं राजकीय मतभेदांनीं घरोघर जी कटुता आणली आहे, तिचें मूळ शोधणारे तरुण वाचक पुन्हां या पुस्तकाकडे वळूं लागले आहेत. त्यांच्या निमित्तानें आम्हींही तें पुन्हां वाचून पाहिलें.

ग्रंथकारांचा मुख्य सिद्धांत असा कीं, विचार ज्या साधनानें प्रकट होतो तें साधन विचाराला केवळ वाहून नेत नाहीं, तर त्याला आपला आकार देतें. छापील ग्रंथ वाचकाला एका जागीं बसवितो. मागचें वाक्य लक्षांत ठेवून पुढचें पडताळून पाहावयास लावतो. म्हणून ज्या समाजाचा सार्वजनिक व्यवहार छापील शब्दावर चालतो, तेथें युक्तिवादाला मान असतो. १८४४ सालीं वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांच्या दरम्यान मोर्सची तार सुरू झाली, आणि जिच्या बाबतींत आपणांस कांहींच करतां येण्यासारखें नाहीं अशी दूरदूरची बातमी रोज दारांत येऊन पडूं लागली. पुढें छायाचित्र आलें. शेवटीं दूरचित्रवाणीनें राजकारण, धर्म, शिक्षण या सर्वांना एकाच रंगभूमीवर आणून उभें केलें, आणि रंजन हाच तेथील एकमेव कायदा झाला. ऑर्वेलनें बंदीची भीति दाखविली, हक्सलेनें सुखलोलुपतेची. पोस्टमन यांच्या मतें खरा ठरला तो हक्सले.

साधन निरपेक्ष नसतें, हा या विवेचनाचा गाभा आम्हांस निर्विवाद वाटतो. पोस्टमन २००३ सालीं वारले. नाहीं तर त्यांना यासाठीं फार चांगलें उदाहरण मिळालें असतें. फेसबुकनें २०१६ सालीं ‘पसंत’ या खुणेच्या जोडीला राग, दुःख, आश्चर्य इत्यादि भावनांचीं चिन्हें दिलीं. २०१७ पासून कांहीं काळ, कोणता मजकूर कोणापुढें मांडावयाचा हें ठरवितांना अशा एका चिन्हाला साध्या पसंतीच्या पांचपट वजन दिलें जात असे, ही गोष्ट २०२१ सालीं कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बाहेर आली. लोकांनीं संतापावें असा हेतु कोणी मनांत धरला होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण गणिताला हेतूची गरज लागत नाहीं. जें चिडवितें तें पुढें जातें, एवढें त्यानें सिद्ध केलें.

परंतु याच उदाहरणांत ग्रंथांतील पहिलें न्यूनही दिसून येतें. पोस्टमन यांना भीति होती ती हंसत हंसत निष्क्रिय होणाऱ्या समाजाची. प्रत्यक्षांत काय घडलें? अमेरिकेच्या २०२० सालच्या अध्यक्षीय निवडणुकींत पात्र मतदारांपैकीं सुमारें दोनतृतीयांश लोकांनीं मत दिलें. त्या देशांत शंभरांहून अधिक वर्षांत इतकें मतदान झालें नव्हतें. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, ६ जानेवारी २०२१ रोजीं, निकाल अमान्य असलेला जमाव तेथील संसदभवनांत घुसला. करमणुकीनें गुंगलेला समाज असा वागत नाहीं. लक्ष वेधून घेण्याचा व्यापार हंसण्यावर चालतो तसा रागावरही चालतो, किंबहुना रागावर अधिक तेजींत चालतो, हें ग्रंथकारांच्या दृष्टीआड राहिलें.

दुसरें न्यून याहून मोठें आहे. मुद्रणयुगाचा कळस म्हणून ग्रंथकार १८५८ सालच्या लिंकन-डग्लस वादसभांकडे बोट दाखवितात. इलिनॉयमधील सात गांवीं या सभा झाल्या. पहिल्या वक्त्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास, मग पहिल्यानें अर्धा तास उत्तर द्यावें, असा नियम होता. आणि श्रोते तीन तास उभे राहून तें ऐकत. चित्र मोहक आहे खरें, पण अपुरें आहे. या सभांना दोन्ही पक्षांचीं पत्रें आपापले लघुलेखक पाठवीत. तारायंत्र व आगगाडी यांच्या साह्यानें वृत्तांत झपाट्यानें छापले जात, आणि आपल्या वक्त्याचें भाषण नीटनेटकें करून विरोधकाचें मात्र ओबडधोबड ठेवण्याची खबरदारी प्रत्येक पत्र घेई. शिवाय, या सभांनंतर तीन वर्षांच्या आंतच तो देश यादवींत लोटला गेला व सहा लक्षांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. छापील शब्दानें विवेक येत असेल. परंतु त्यानें दुफळी टळते असा पुरावा या इतिहासांत नाहीं.

हें समजण्यास मराठी वाचकाला इलिनॉयपर्यंत जाण्याचें प्रयोजन नाहीं. १८८१ सालीं ज्या मंडळींनीं एकत्र येऊन ‘केसरी’ काढला, त्यांतील आगरकर १८८७ सालीं त्या पत्रापासून दूर झाले आणि पुढच्याच वर्षीं त्यांचा ‘सुधारक’ निघाला. १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्यावरून या दोन पत्रांत जो सामना झाला, त्यानें पुण्याचे दोन तट पडले. आगरकर जिवंत असतां त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत कांहीं लोकांची मजल गेली. आणि १८९५ सालीं पुण्यास राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, तेव्हां तिच्या मंडपांत सामाजिक परिषद भरूं द्यावयाची नाहीं, असा हट्ट यशस्वी झाला. तेथें ना दूरचित्रवाणी होती, ना भ्रमणध्वनि. खिळे, शाई आणि आठवड्याचा अंक एवढीच काय ती सामग्री होती.

तर मग आजच्या कटुतेचें खापर यंत्रावर फोडावयाचें कीं नाहीं? अलीकडील संशोधन येथें सावधगिरीचा इशारा देतें. अमेरिकेंतील वाढत्या पक्षद्वेषाचा अभ्यास करणाऱ्या तीन अर्थशास्त्रज्ञांना २०१७ सालीं असें आढळलें कीं, ही वाढ आंतरजालाचा सर्वांत कमी उपयोग करणाऱ्या वृद्ध वर्गांतच अधिक होती. २०२० च्या निवडणुकीच्या वेळीं कांहीं वापरकर्त्यांच्या फेसबुकवरील यंत्राची निवड बंद करून मजकूर केवळ कालक्रमानें दाखविण्यांत आला. तीन महिन्यांत त्यांच्या मतांच्या टोंकदारपणांत मोजण्यासारखा फरक पडला नाहीं, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू ऐकविण्याचें बंधन अमेरिकन नभोवाणीवर १९४९ पासून होतें. तें १९८७ सालीं उठविलें गेलें, आणि त्यानंतरच एकाच बाजूचें अष्टौप्रहर बोलणें हा किफायतशीर धंदा झाला. अर्थात् यंत्राबरोबर कायदा व व्यापार यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें पाहिजे.

याहून उद्बोधक प्रयोग २०१८ सालचा आहे. ट्विटर वापरणाऱ्या कांहीं लोकांना मोबदला देऊन विरुद्ध पक्षाचीं मतें महिनाभर वाचावयास लावलीं. रिपब्लिकन वाचकांचीं मतें त्यामुळें मवाळ होण्याऐवजीं अधिकच कडवीं झालीं. विरोधकाचें म्हणणें कानांवर पडलें कीं मन मोकळें होतें, ही आपली भाबडी समजूत या प्रयोगानें डळमळीत केली.

आमच्या मतें येथेंच पोस्टमन यांना न सांपडलेलें वर्म आहे. इलिनॉयच्या सभांत महत्त्वाचे होते ते तीन तास नव्हेत. विरोधकाला उत्तर द्यावयाचें तर तें त्याच्या देखत, त्याच्या अनुयायांच्या देखत द्यावें लागे, हें महत्त्वाचें होतें. ‘केसरी’ व ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडत. पण तुटून पडण्यासाठीं तरी एकमेकांचा अंक वाचावा लागे. आपल्या शास्त्रकारांनीं याला पूर्वपक्ष म्हटलें आहे. आधीं प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावयाचें, आणि मगच सिद्धांताला हात घालावयाचा. हातांतल्या पडद्यावर विरोधक येतो तो आपल्याच बाजूच्या कोणीतरी काढलेलें व्यंगचित्र होऊन, किंवा एका ओळीची शिवी होऊन. तो दिसतो पुष्कळ; भेटत मात्र नाहीं.

हें आम्ही केवळ ग्रंथांच्या आधारें लिहीत नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील वादविवाद मंडळाचें काम आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आहों. वक्त्यानें कोणती बाजू मांडावयाची हें चिठ्ठ्या टाकून ठरविण्याची तेथील जुनी रीत. मध्यंतरीं एका हुशार विद्यार्थिनीनें आपल्या वांट्यास आलेली बाजू मांडण्यास नकार दिला. ती म्हणाली, “सर, माझ्या बोलण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कोणीतरी मोबाइलवर घेईल, आणि तेंच माझें मत म्हणून सगळीकडे फिरेल. मग घरीं बाबांना काय सांगूं?” आम्हांस प्रथम राग आला, पण तिला उत्तर सुचलें नाहीं. त्या वर्षीं आम्हीं चिठ्ठ्या बंद केल्या. ज्यानें त्यानें आपल्या आवडीची बाजू घेतली. सभा शांतपणें पार पडली, आणि ऐकण्यासारखें कांहींच झालें नाहीं. पुढील वर्षीं चिठ्ठ्या पुन्हां सुरू केल्या. सर्वांचे मोबाइल दाराशीं ठेवून घेतले. आणि प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याकडून ‘बरोबर’ असा होकार मिळेपर्यंत मांडल्यावांचून कोणीं स्वतःचें बोलूं नये, असा एक नियम घातला. निम्म्याहून अधिक वक्ते या पहिल्या पायरीवरच अडखळले. तीच विद्यार्थिनी मात्र तिसऱ्या प्रयत्नांत होकार मिळवून गेली.

पोस्टमन यांनीं शेवटच्या प्रकरणांत आशा ठेवली आहे ती शाळांवर: साधनें मनाला कसें वळण देतात हें मुलांना शिकवावें, म्हणजे तीं सावध होतील. उपाय चांगला, पण अर्धा आहे. साधनाविषयीं सावध झालेला मनुष्य प्रतिपक्षाविषयीं न्यायी होतोच असें नाहीं. उलट, ‘समोरचा यंत्रानें फसविलेला आहे’ असें म्हणून त्याचें म्हणणें न ऐकण्याची एक नवी सबब त्याला मिळते. ग्रंथ वाचनीय आहे, अवश्य वाचावा. परंतु तो मिटतांना आपण शहाण्यांच्या बाजूचे आहों असें जें समाधान वाटतें, त्यापासून वाचकानें सावध राहावें.

त्या समाधानांतून आम्हीही सुटलों नव्हतों. आमचे एक जुने स्नेही आहेत. २०१९ च्या निवडणुकीनंतर, मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप समूहांतील एका कडाक्याच्या वादावरून, त्यांचें आमचें बोलणें थांबलें. हा लेख लिहितांना, विद्यार्थ्यांस घातलेला नियम आम्हीं स्वतःस लावून पाहिला, आणि त्यांची बाजू त्यांना पटेल अशा शब्दांत कागदावर उतरवूं लागलों. दोन वाक्यांपलीकडे जातां आलें नाहीं. त्यांनीं पाठविलेले संदेश आठवले, युक्तिवाद एकही आठवेना. कारण तो आम्हीं कधीं विचारलाच नव्हता. तीं दोन वाक्यें घेऊन येत्या रविवारीं त्यांच्याकडे जाण्याचा आमचा विचार आहे. तीं चुकलीं असतील, तर तिसरें वाक्य त्यांनींच सांगावें.