गोठलेल्या पाण्यावरची दोन माणसे

हौतात्म्याची चित्रे पाहायला माझे मन सहसा धजत नाही. ती काढणाऱ्याला ज्वाळांचा मोह आवरत नाही, आणि पाहणाऱ्याची करुणा केव्हा नुसत्या कुतूहलावर येते ते त्याचे त्यालाही कळत नाही. यान लॉयकन या डच चित्रकाराने हा मोह एका ठिकाणी मोठ्या शहाणपणाने टाळला आहे.

टीलेमान फान ब्राख्तचा ‘हुतात्म्यांचा आरसा’ हा जाडजूड ग्रंथ १६६० साली निघाला. १६८५च्या आवृत्तीसाठी लॉयकनने १०४ ताम्रचित्रे केली. त्यांतले एक डिर्क विलेम्सचे. बाप्तिस्मा प्रौढपणीच घ्यावा, शस्त्र उचलू नये, असे मानणाऱ्या पंथाचा हा माणूस. १५६९ साली आस्पेरेन गावी शिपाई मागे लागला असता तो गोठलेल्या पाण्यावरून पलीकडे निसटला. शिपाई मात्र बर्फ फुटून आत गेला. डिर्क परत फिरला, त्याने शिपायाला वर काढले, स्वतः पकडला गेला आणि १६ मे रोजी जिवंत जाळला गेला.

चित्रात जाळणे नाहीच. निष्पर्ण झाडे, मोकळे आकाश, आणि पुढे ही दोघे. पाण्यातल्याने हात वर केले आहेत. बर्फावरचा कमरेत वाकून दोन्ही हात पुढे करतो आहे. हुतात्म्याची नजर आकाशाकडे लावायची हा जुना रिवाज. इथे ती खाली, दुसऱ्या माणसाकडे आहे. हकिकत ठाऊक नसेल तर यांतला गुन्हेगार कोण आणि शिपाई कोण, हे कोणाला ओळखता येऊ नये. मला या रचनेचे मर्म इथेच दिसते.

रेषेचाही यात वाटा आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, त्यातून सुईने रेखाटायचे आणि पत्रा अम्लात बुडवायचा, अशी ही रीत. कोरणीला तांबे रेटत जावे लागते. सुई लेखणीसारखी पळते. म्हणून या रेषांत घाई आहे, आणि ती या प्रसंगाची घाई वाटते. अम्लात जास्त राहिलेली रेघ गडद उठते: जवळची माणसे ठसठशीत, दूरचे सारे फिकट.

त्या फिकटपणात काठावर एक माणूस उभा आहे. त्याच्यावर क्षणभर बोट ठेवून पाहा. उरते ती बुडत्याच्या सुटकेची एक साधी गोष्ट. बोट काढले की चित्र बदलते. ग्रंथ सांगतो की वाचलेला शिपाई डिर्कला सोडून द्यायला तयार होता, पण नगरप्रमुखाने त्याला ओरडून शपथेची आठवण दिली. काठावरचा तो ताठ उभा आहे, वाकला आहे तो एकटा डिर्क.

सगळी १०४ चित्रे या तोलाची आहेत असे मी म्हणणार नाही. १५७१ साली ॲमस्टरडॅममध्ये आन्नेकेन हेन्ड्रिक्सला शिडीला बांधून आगीत लोटले, त्या चित्रातली तिरपी शिडी आपली नजर सरळ ज्वाळांत ढकलते. मग दुसरे काही दिसत नाही. मायकन वेन्सच्या चित्रात मात्र लॉयकन पुन्हा सावरतो. ही बाई १५७३ साली अँटवर्पला जाळली गेली. तिने बोलू नये म्हणून तिच्या जिभेला स्क्रू लावला होता. चित्रात ती नाही. आग विझली आहे, आणि तिची दोन मुले राखेत तो स्क्रू शोधताहेत.